रबर जळल्याचा वास आला म्हणजे क्लचप्लेटच गेली, असे धरून चालू नका

आपण विचारले आहे की, रोज घरी परतताना गाडीतून रबर जळल्यासारखा वास येतो आणि गॅरेजवाल्याने गाडी खोलून न पाहताच क्लचप्लेट बदलायला सांगितली आहे, तर ती बदलावी का. माझे उत्तर असे की, इतक्यात बदलू नका. नेमक्या याच सल्ल्यावर मी ११,००० रुपये घालवले आहेत आणि घरात सर्वांसमोर ‘क्लच जाळलास’ हा ठपकाही ऐकून घेतला आहे.

मी मुलुंडला राहते, कार्यालय परळला आहे आणि हाताने गिअर टाकण्याची छोटी गाडी मी चौदा वर्षे याच रस्त्याने चालवते. एका जुलैत हिंदमाताजवळ अर्ध्या चाकापर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. ती व्यवस्थित घरी पोहोचली, पुढे पाच-सहा दिवस इमारतीखाली उभी राहिली आणि त्यानंतर हा वास सुरू झाला. मी रात्री नऊच्या सुमारास निघते. दादर ते शीव या टप्प्यात, जिथे पाय सतत क्लचवर असतो, तिथे वास येत नसे. घाटकोपर मागे पडून पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला, गाडी वरच्या गिअरमध्ये गेली आणि डाव्या पायाला काही काम उरले नाही, की विक्रोळीच्या आसपास तो स्पष्ट जाणवू लागे. हे सर्व मी घरी जसेच्या तसे सांगितले. आमच्याकडे गाडीच्या बाबतीत मोठ्या दिरांचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यांनी गाडीची किल्लीही हातात न घेता सांगितले, “तुला हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चालवायची सवय आहे, दुसरे काय होणार?” घराजवळच्या गॅरेजवाल्याने तेच म्हटले, गिअरबॉक्स उतरवून संपूर्ण क्लच सेट बदलला, आणि चौथ्या दिवशी विक्रोळीला तोच वास पुन्हा आला.

त्यानंतर मी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका वयस्क फिटरकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “ताई, वास नेमका कुठे आल्यावर सुटतो?” इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. त्यांनी स्वतः गाडी फिरवून आणली, शेवटी ब्रेक न दाबता ती आपोआप थांबू दिली आणि चारही चाकांच्या रिमजवळ, स्पर्श न करता, तळहाताची मागची बाजू धरून पाहिली. तीन चाके कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात ठेववत नव्हता. जॅक लावून चाक उचलले तर ते हाताने फिरेना. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातील एका पिनेचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला होता, आत पाणी शिरून पिन गंजली होती, आणि त्यामुळे ब्रेकवरचा पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होता. पिना व बूट नवे, त्यांना ब्रेकचे ग्रीस, दोन्ही बाजूंचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल, असा सगळा खर्च ३,२०० रुपये झाला.

क्लचप्लेटचे अस्तर आणि ब्रेक पॅड हे दोन्ही घर्षणासाठी राळेने बांधलेले पदार्थ असल्यामुळे तापल्यावर त्यांचा वास जवळजवळ सारखाच येतो, म्हणून केवळ वासावरून निदान करणारा माणूस अंदाजच बांधत असतो. क्लच खरोखर गेला असेल तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही, आणि वास चढावर किंवा कोंडीत येऊन थोड्या वेळात विरतो. ब्रेक धरून बसला असेल तर गाडी एका बाजूला ओढते, इंधन जास्त लागते आणि सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ती लवकर थांबते.

गॅरेजमधून काढलेला जुना भाग मी नेहमी मागून घेते आणि तुम्हीही घ्यावा. माझ्या जुन्या क्लचप्लेटवर रिव्हेटच्या वर अस्तराची भरपूर जाडी शिल्लक होती आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर उष्णतेचा एकही निळा डाग नव्हता. ती मी दिरांसमोर ठेवली तेव्हा ते म्हणाले, “दोन्ही बिघडले असेल.” प्लेट तुमच्यासमोर आहे, भावोजी, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणते. हा माझ्या मानापमानाचा प्रश्न नाही. तीन आठवड्यांनी मुलांना घेऊन आम्ही खंडाळ्याचा घाट उतरणार होतो. डॉट ४ दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते. घासत राहिलेल्या पॅडने आधीच तापलेले असे तेल घाटात उकळले की वाफ होते आणि पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही.

शीवच्या सिग्नलला माझा पाय क्लचवर टेकलेला असे, हे दिरांचे निरीक्षण मात्र खरे होते आणि ती सवय मी सोडली आहे.

आपला वास एसी लावल्यावर किंवा सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना किंचाळल्यासारख्या आवाजासह येत असेल, तर बेल्ट आणि कॉम्प्रेसरची पुली तपासून घ्या. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का, तेही खाली वाकून पाहा. चाक तापलेले आढळले तर त्यावर पाणी ओतू नका, त्याने डिस्क वाकू शकते. परंतु वास वायर जळल्यासारखा असेल, तर यापैकी काहीही तपासत बसू नका. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा, सर्वांना उतरवून दूर उभे करा, आणि गाडी सीएनजीची असेल व धूर दिसत नसेल, तरच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायला परत जा.