हाय आयलंडला पहाटे पोचायची गरज नाही

एप्रिलमध्ये ह्यूस्टनला मुलीकडे येताय आणि स्थलांतर करणारे पक्षी बघायला टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या हाय आयलंडला पहाटे किती वाजता पोचावं, असं विचारलंय. पहाटे जाऊच नका.

भिगवण-भरतपूरची पहाटे पक्षी बघायची सवय इथे उपयोगाची नाही. हे पक्षी उत्तरेकडे जाताना मेक्सिकोतल्या युकातानहून संध्याकाळी निघतात, रात्रभर उडत मेक्सिकोच्या आखाताचं सुमारे १,००० किलोमीटर पाणी ओलांडतात आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर येईपर्यंत दुपार होते. दक्षिणेचा वारा असला की ते न थांबता आत निघून जातात. उत्तरेचा वारा किंवा पाऊस आडवा आला की दिसेल त्या पहिल्या झाडात उतरतात. भोवती सगळी दलदल. जमिनीखालच्या मिठाच्या घुमटामुळे वर आलेल्या हाय आयलंडच्या या टेकडीवरच काय ती ओक-हॅकबेरीची दाट झाडी.

आमच्या ओळखीतले एक मोठ्या लेन्सवाले गृहस्थ हे कधीच मानत नाहीत. "बारा वाजता कोण पक्षी बघायला जातं?" एका एप्रिलमध्ये उत्तरेचं वारं आणि पाऊस येणार म्हटल्यावर त्यांनी बेत रद्द केला. मी मुद्दाम आईला घेऊन गेले. जेवणवेळ टळली, पाऊस ओसरला आणि समोरची तुती भरून गेली. स्कार्लेट टॅनेजर, ओरिओल, गुलाबी छातीचे ग्रोसबीक एकाच फांदीवर, चोची रसानं माखलेल्या. एक टॅनेजर आईच्या चपलेपासून हातभर अंतरावर ओल्या पाचोळ्यात पंख पाडून बसला होता. आई हळूच म्हणाली, "अगं, याला कुणी पाणी तरी ठेवा गं."

फोटो बघून ते गृहस्थ म्हणाले, "पायाशी आलेले पक्षी टिपण्यात कसब कसलं?" कसब लागतं वाऱ्याचा अंदाज घ्यायला, आणि ते त्यांना आजही जमलेलं नाही.

अर्थात असा दिवस दर एप्रिलला तुमच्या सोयीनं येईलच असं नाही. स्वच्छ हवा, दक्षिणेचा वारा असेल तर रान ओकंबोकं वाटेल. मग हाय आयलंडवरच्याच स्मिथ ओक्सच्या तळ्यावर गुलाबी चमचे (स्पूनबिल पक्षी) आणि बगळ्यांची घरटी बघा, किंवा बोलिव्हर फ्लॅट्सला चिखलातले पक्षी. गॅल्व्हस्टनहून बोलिव्हरला येणारी फेरी फुकट आहे. मुलीला शनिवार-रविवार धरून बसू नको म्हणावं. उत्तरेचा वारा ज्या दिवशी, त्या दिवशी रजा. डासांचं औषध न्या. आणि दमलेल्या पक्ष्याच्या मागे कॅमेरा घेऊन झुडपात शिरू नका, आवाजाची रेकॉर्डिंग तर मुळीच वाजवू नका.