सनवायझर सारखा खाली पडतोय, कंपनी बदलून देईल का?

प्रश्न : नमस्कार सर. मी बेळगावजवळच्या उचगावचा, रोज कामाला बेळगावात उद्यमबागला जातो. गाडी १९ महिन्यांची आहे, २८ हजार किलोमीटर झालंय, वॉरंटी ३ वर्षांची. ड्रायव्हरकडचा सनवायझर, म्हणजे काचेच्या वरची ऊन अडवायची पट्टी, दोन महिने झाले वर थांबतच नाही, स्पीडब्रेकर आला की टपकन डोळ्यांसमोर. आणि आमचं कसं आहे बघा, सकाळी बेळगावला जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी घरी येताना परत तोंडावरच, म्हणजे वायझरशिवाय भागत नाही. गाडी कोल्हापुरात घेतलोय पाव्हण्यांच्या ओळखीनं, पासिंग बेळगावचं, केए-२२. बेळगावचे शोरूमवाले म्हणतात जिथं घेतलाय तिथं जावा, कोल्हापूरवाले म्हणतात हे वेअर अँड टेअर, वॉरंटीत बसत नाही. आमचा मिस्त्री म्हणतोय एक स्क्रू मारतो, विषय संपला. काय करू सांगा की ओ.

उत्तर : पहिलं काम, मिस्त्रीला थांबवा. बऱ्याच नव्या गाड्यांत छताच्या कडेनं कर्टन एअरबॅग (धडक बसली की बाजूला पडद्यासारखी उघडणारी) असते, वायरिंग पण तिथनंच जातं, अंदाजानं स्क्रू मारून वायझरच्या भानगडीत एअरबॅगचं काम काढून ठेवू नका. तसा त्या वायझरमध्ये जीव तो किती, आत एक दांडी आणि तिला घट्ट धरणारी स्प्रिंगची क्लिप. क्लिप ढिली झाली किंवा तिच्या भोवतालचं प्लास्टिक तडकलं की पकड जाते, आणि गाडी दिवसभर उन्हात बंद उभी असली की ते प्लास्टिक रोज भाजून निघतंय. वायझर खोलून रिपेरी करत बसण्यात अर्थ नसतो, अख्खा बदलायचा, पाच-दहा मिनिटांचं काम. (माझ्या जुन्या गाडीला मी वर्षभर कपड्याचा चिमटा लावून फिरलोय, तेव्हा तुमचं दुःख कळतंय.)

आता वेअर अँड टेअर. वायपरचं रबर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हे घासून झिजणारे पार्ट, ते सहसा वॉरंटीत धरत नाहीत हे खरं. पण वायझर काय कुठं घासतोय? गाडीबरोबर मिळालेलं वॉरंटी बुकलेट काढा, वगळलेल्या पार्टची यादी वाचा, त्यात वायझरचं नाव नसेल तर त्या पानावर बोट ठेवून बोला. आणि कोल्हापूर-बेळगावचं म्हणाल तर वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नव्हे. कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपनं गाडी बघायला पाहिजे, त्यासाठी सीमा ओलांडून जायची गरज नाही. आमच्या भागात प्रत्येक गोष्टीला हद्दीचं कारण पुढं करायची लोकांना सवयच लागलीय.

तुमची खरी चूक सांगू? दोन्हीकडं तुम्ही तोंडी बोलून आलात. उद्या कंपनी विचारली तर कागद कुठाय? बेळगावच्या वर्कशॉपला परत जावा, जॉब कार्ड (वर्कशॉपचा तक्रार नोंदवायचा कागद) उघडायला लावा आणि त्यावर "वायझर वर थांबत नाही" हे लिहूनच घ्या, नाकारत असतील तर नाकारलं म्हणून लिहून द्या म्हणा. तिथंच निम्म्या वेळा सूर बदलतो. नाहीच बदलला तर चालत्या गाडीत वायझर पडतोय त्याचा व्हिडिओ काढा (शेजारी बसलेल्यानं काढायचा, तुम्ही नव्हे), आणि जॉब कार्डचा फोटो, चॅसी नंबर, किलोमीटर असं सगळं एकाच मेलमध्ये कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवा. भांडू नका, वर्कशॉपमधला अ‍ॅडव्हायझर पोरगा पगारी माणूस, त्याच्या हातात काय नसतं.

पंधरा दिवसांत हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोललं तरी चालतं. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथंही केस घालता येते, म्हणजे तुम्हाला बेळगावातच, कोल्हापूरला खेटे नकोत. केस घालायची मुदत २ वर्षं. फी गाडीच्या किमतीवर असते, ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये. पण एका वायझरसाठी तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मला वाटतं, वॉरंटीतल्या गाडीला तर नाहीच.

तोपर्यंत समोरच्या काचेवर काळी फिल्म लावा म्हणून कुणी सांगेल, ऐकू नका, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं काचेवर काळी फिल्म चिकटवायला बंदी घातलीय. साधा गॉगल घाला. आणि नवीन वायझर आला की खोक्यावरचा पार्ट नंबर बघून घ्या, डावा-उजवा वेगळा असतो, चुकीचा मागवून परत आठ दिवस थांबवल्याचे किस्से आहेत.