बारावीला ९२ टक्के आणि पहिल्याच पेपरला डोके कोरे

"बारावीपर्यंत हुशार म्हणून ओळखले जाणारे मूल विद्यापीठाच्या पहिल्याच परीक्षेत गडबडले, आता पुढे कसे होणार?" पहिल्या सत्राच्या परीक्षा सुरू झाल्या की हा प्रश्न पालकही विचारतात आणि मुलेही. उत्तरादाखल एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगी लातूरची, अभियांत्रिकीसाठी पुण्यात वसतिगृहात राहणारी. गणिताचा पेपर होऊन दोन दिवस झाले होते आणि पुढच्या पेपरला चार दिवस उरले होते. "मॅडम, माझं डोकंच या लेव्हलचं नाही," हे तिचे पहिले वाक्य. धडधडणारी छाती, घामाने ओले झालेले तळहात, आदल्या रात्री पाठ असलेले आणि ऐन वेळी न आठवणारे सूत्र, हे सारे तिने क्रमाने सांगितले. मी सवयीने दीर्घ श्वसनाकडे वळले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "श्वास घेतला होता मॅडम, तरी सूत्र आठवलं नाही." माझी घाई झाली होती, हे मान्य केले पाहिजे.

मग मी प्रश्नपत्रिका मागून घेतली. ७० गुण, अडीच तास, आठ प्रश्न आणि त्यांतून 'प्रश्न १ किंवा २', 'प्रश्न ३ किंवा ४' अशा जोड्यांनी चारच सोडवायचे. तिने पहिला प्रश्न निम्म्यापर्यंत सोडवला, तो चुकतो आहे असे वाटून त्यावर काट मारली, दुसरा सुरू केला, शेजारच्या मुलाने पान उलटल्याचा आवाज ऐकला आणि त्यावरही काट मारली. यात पन्नास मिनिटे गेली. गणित करताना मधल्या पायऱ्या मनात धरून ठेवाव्या लागतात. तीच जागा "नापास झाले तर अण्णांना काय सांगू" या विचाराने अडवली, की येणारे गणितही अडते. बुद्धी तेवढीच असते, तिला वावरायला जागा उरत नाही.

पण भीती एवढी वाढली कशामुळे, याचे उत्तर मला तिच्या अभ्यासाच्या पद्धतीत सापडले. अकरावी-बारावीच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न' या तिच्या गावच्या पद्धतीमध्ये दोन वर्षे सतत सराव परीक्षा होत असत. त्या घेणारे, तपासणारे आणि चुका दाखवणारे दुसरेच कोणी होते. पुण्यात आल्यावर ती यंत्रणा सुटली, आणि या मुलीने सबंध सत्रभर नोट्स फक्त वाचल्या, सोडवलेली उदाहरणे डोळ्यांखालून घातली. वाचताना सगळे येते असेच वाटते. घड्याळ लावून कोऱ्या कागदावर तिने एकही पूर्ण पेपर सोडवला नव्हता; पहिला सोडवला तो थेट परीक्षेच्या दालनात.

उरलेल्या चार दिवसांत सगळे नव्याने शिकणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही बेत लहान ठेवला. सकाळी वही मिटून आठवेल ते लिहायचे आणि मगच पुस्तक उघडायचे. दुपारी मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका अडीच तास लावून सोडवायची. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटे पेन न उचलता प्रत्येक जोडीतला एक प्रश्न निवडायचा आणि निवडलेला बदलायचा नाही. आणखी एक गोष्ट सुचवली. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर उतरवल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. ते सर्वांनाच लागू पडते असा माझा दावा नाही. तिने लिहिले, "अण्णांनी फीसाठी कर्ज काढलंय," आणि कागद फाडून टाकला.

बाकीचे विषय सुटले, गणित राहिले. गणिताची एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याची सवलत, घेऊन ती पुढच्या सत्रात गेली. घरी फोन करताना शेजारी मैत्रिणीला बसवले होते, एवढेच तिने सांगितले. झोप उडाली असती, जेवण तुटले असते किंवा जगणे नकोसे झाल्याचे तिने बोलून दाखवले असते, तर मी अभ्यासाच्या बेतावर थांबले नसते; त्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाकडे लगेच वळावे.

निकालानंतर अर्ज करून तिने गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि मला दाखवायला आणली. पहिल्या प्रश्नावरच्या जाड काटेखाली चार पायऱ्या स्पष्ट वाचता येत होत्या, आणि चौथीपर्यंत प्रत्येकीसमोर तिने आता स्वतःच पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.