बोर्डावर नाव लागल्यापासून तो रजाच घेतो

प्रश्न: ताई, मी फोंड्याचा, वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर आहे. चवथीनंतर आमच्याकडे नवीन ब्लिस्टर मशीन (गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद करणारं) आलं. दोन ऑपरेटर, दोघंही एकाच वेळी लागलेले. एकजण शिफ्ट संपली तरी मेंटेनन्सवाल्याच्या मागे मागे, हे काय ते काय विचारत. दुसरा जुन्या मशीनवर एक नंबर, पण नव्याचं नाव काढलं की 'सर, मी जुन्यावरच बरा'. टार्गेट लावलं, कुणाचं किती रिजेक्शन ते नावासकट बोर्डावर लिहायला लागलो, तर आता हा रजाच टाकतो. आळशी म्हणायचा का?

उत्तर: आळशी असता तर जुन्या मशीनवर एक नंबर कसा असता हो? त्याला तिथं मान आहे, आणि नव्या मशीनवर लीक टेस्टला, म्हणजे पाकीट निळ्या पाण्यात बुडवून गळतं का ते बघताना, आत पाणी शिरलं की अख्खी लाइन बघायला गोळा होणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. डॉन व्हँडवॉल नावाच्या संशोधकाने १९९७ मध्ये कामावरच्या माणसांचे तीन ओढे मांडले, काहींना शिकायचं असतं, काहींना आपण किती भारी ते दाखवायचं असतं आणि काहींना फक्त आपलं हसं होऊ द्यायचं नसतं. तुमचा हा तिसऱ्यातला वाटतो, आणि तुमच्या बोर्डाने नेमकं तिथंच बोट ठेवलं.

टार्गेट वाईट असं नाही हां. हातात बसलेल्या कामाला ते छान चालतं. पण काम नवं असेल तर गोष्ट वेगळी. १९८९ मध्ये कॅन्फर आणि ॲकरमन यांनी अमेरिकन हवाई दलातल्या नवशिक्यांना विमानं उतरवायचा सिम्युलेशनचा खेळ दिला, त्यात अगदी सुरुवातीलाच आकड्याचं टार्गेट दिलं तर कामगिरी घसरली, कारण डोकं शिकण्यात घालायचं ते आकड्यात अडकलं.

म्हणून त्याला महिनाभर स्ट्रिप्सचा आकडा विचारूच नका. 'या आठवड्यात चेंजओव्हर, म्हणजे एका औषधावरून दुसऱ्यावर मशीन बदलणं, कागद न बघता करायचा, सीलिंगचं तापमान का बदललं ते मला सांगायचं' एवढंच मागा, तेही बॅच नसताना, रिकाम्या मशीनवर, बाकीचे चहाला गेले की. त्या विचारत फिरणाऱ्या पहिल्या ऑपरेटरवरही एक डोळा ठेवा, शिकायच्या नादात चालू बॅचमध्ये सेटिंग हलवणारे मी पाहिलेत.

आणि बोर्डावरची नावं उद्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी पुसा. लाइनचा एकूण आकडा राहू दे, तो मॅनेजरला दाखवावा लागतोच.