जहाजाच्या प्रतिकृतीवर लाकडी पट्ट्या बसवताना त्या नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, मोडतात, यावर उपाय काय?

पट्टी भिजवली की वाकते, हा समज अर्धाच खरा आहे. तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन ओलाव्याबरोबर उष्णता मिळाली तरच पुरेसे सैल होते. म्हणून साधारण दीड मिलिमीटर जाडीची पट्टी थोडा वेळ पाण्यात ठेवून गरम इस्त्रीच्या कडेवर सावकाश वाकवावी, साच्यावर बांधून पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतरच सांगाड्याला चिकटवावी, कारण ओली चिकटवलेली पट्टी वाळताना रुंदीत आकसते आणि सांधे उघडे पडतात. गोव्यातील पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते: पट्ट्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवाव्यात.

मोडण्याचे खरे कारण मात्र बहुधा वेगळेच असते. पट्टी जाडीच्या दिशेने वाकते, रुंदीच्या दिशेने जवळजवळ नाही. नाळेकडे जागा अरुंद होत असल्याने प्रत्येक पट्टी लहान रंध्याने तिथे निमुळती करणे अपरिहार्य आहे. माझ्या मते महागड्या वाकवणी यंत्रापेक्षा धारदार रंधा कितीतरी अधिक मोलाचा आहे. पट्ट्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावाव्यात, नाहीतर कणा एका बाजूला पिळतो.

गोव्यात बांधलेल्या आणि 2025 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या जहाजाच्या फळ्याही वाफेवरच वाकवून नंतर काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत.