'यादवी' आणि समुद्रात टाकलेलं मुसळ

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धाला मराठीत 'यादवी' किंवा 'यादवी युद्ध' म्हणतात. यादव तर मद्याच्या धुंदीत एकमेकांना मारून संपले. अमेरिकेतलं भांडण गुलामगिरीवरून झालं. मग हा शब्द तिथे शोभतो का? 'गृहयुद्ध' किंवा 'नागरी युद्ध' जास्त बरोबर नाही का?"

'नागरी युद्ध' आधी बाजूला ठेवू. इंग्रजी 'सिव्हिल वॉर'मधल्या 'सिव्हिल'च्या मुळाशी लॅटिनमधला 'नागरिक' आहे हे खरं. पण मराठीत 'नागरी' म्हटलं की शहर डोळ्यांसमोर येतं : नागरी वस्ती, नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक. 'गृहयुद्ध' हिंदीतही चालतं, मराठीतही रुळलं आहे आणि त्याला माझी हरकत नाही. लिंकनने १८५८च्या जूनमध्ये स्प्रिंगफील्डच्या भाषणात देशाला घराचीच उपमा दिली होती : आपसांत दुभंगलेलं घर उभं राहू शकत नाही. तरीही मी 'यादवी'च्या बाजूने आहे. गृहयुद्ध होतं, यादवी माजते. तण माजतं, रान माजतं, तशी. आधी रुजलेलं काहीतरी वाढत वाढत हाताबाहेर जातं, हे त्या क्रियापदातच आहे.

यादव म्हणजे द्वारकेचे. देवगिरीच्या यादवांशी या शब्दाचा संबंध नाही. त्यांच्या गोष्टीतला प्रभासक्षेत्रीचा शेवटच आपल्या लक्षात राहतो, पण ती सुरू होते मुसळापासून. कृष्णाचा मुलगा सांब याला बाईचा वेष देऊन, हिला काय होईल असं विचारत पोरांनी ऋषींची थट्टा केली आणि शाप मिळाला : कुळाचा नाश करणारं लोखंडी मुसळ होईल. ते झालं. यादवांनी त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकलं आणि विषय मिटला असं धरलं. भागवतात पुढे येतं की ते चूर्ण लाटांबरोबर काठाला लागलं आणि त्यातून लव्हाळी उगवली. भांडण पेटल्यावर उपटून हातात घेतली ती हीच. मद्य निमित्ताला होतं, जीव मुसळानेच घेतला.

आता अमेरिकेची १७८७ची राज्यघटना पाहा. तिच्यात गुलामांविषयी कलमं आहेत, पण 'गुलाम' हा शब्द एकदाही नाही. कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी हे ठरवताना 'इतर व्यक्तीं'पैकी तीन पंचमांश मोजायच्या. 'अशा व्यक्तीं'ची आयात १८०८पर्यंत बंद करायची नाही. 'सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती' पळून दुसऱ्या राज्यात गेली तर परत द्यायची. शब्दाचं चूर्ण झालं, ते समुद्रात गेलं.

मग काठावर उगवायला लागलं. १७९३मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं, कापसाची लागवड पश्चिमेकडे सरकत गेली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही. १८६०पर्यंत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात पोचली होती. नवं राज्य आलं की हाच वाद : तिथे गुलाम ठेवायचे की नाही? १८२०मध्ये नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ मारली, मिसुरी सोडून तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही असं ठरवलं आणि तो वाद थोपवला. १८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्याने ती रेघच पुसली, निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांवर सोपवला आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. त्याआधी १८५०चा पळालेल्या गुलामांचा कायदा झाला होता. त्यातलं एक कलम वाचून मी थबकलो. पकडून आणलेला माणूस मालकाला परत दिला तर निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नव्हती.

आणि लव्हाळं अगदी हातात आलेलं पाहायचं असेल तर २२ मे १८५६चा दिवस घ्या. कॅन्ससमध्ये गुलामगिरी नेण्याविरुद्ध घणाघाती भाषण केलेले मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर सिनेटच्या सभागृहात आपल्या मेजाशी लिहीत बसले होते. साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स आले आणि त्यांनी हातातल्या काठीने सम्नर यांना झोडपायला सुरुवात केली. मेज जमिनीला पक्कं जडवलेलं, त्यामुळे सम्नर यांना उठताही येईना. शेवटी ते मेजच उखडून उठले आणि कोसळले. काठीचे तुकडे झाले. दक्षिणेतल्या चाहत्यांनी ब्रूक्सना नव्या काठ्या भेट पाठवल्या.

शब्दांच्या नादाने आणखी एक सांगतो. दक्षिणेतले लोक गुलामगिरीला 'पिक्युलियर इन्स्टिट्यूशन' म्हणत. आज 'पिक्युलियर' म्हणजे विचित्र वाटतं. त्यांना म्हणायचं होतं 'खास आमची प्रथा'. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'पेकुलियम', म्हणजे खाजगी मालमत्ता, आणि त्याच्याही मुळाशी 'पेकू', म्हणजे गुरंढोरं. हा 'पेकू' आणि आपला 'पशू' एकाच कुळातले. माणसाला गुरात मोजणाऱ्या प्रथेचं आडून घेतलेलं नावही गोठ्यातच पोचतं.

लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर २० डिसेंबर १८६०ला साउथ कॅरोलिनाने वेगळी चूल मांडली. तिने आणि मागोमाग निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांनी १८६१च्या मार्चमध्ये स्वतःची घटना केली. तिच्यात मात्र आडपडदा नाही, गुलामगिरी हा शब्द सरळ लिहिलेला आहे. मूळ घटनेत तो आला १८६५मध्ये, तेराव्या दुरुस्तीने, गुलामगिरी बंद करताना.

तरी या शब्दाची एक उणीव मला सलते. यादवी म्हणजे भाऊबंदांची लढाई. गुलामांना त्या भावकीत कुणी धरलं होतं? १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसांना देशाचे नागरिक मानायलाच नकार दिला. पुढे त्यांच्यातलेच पावणेदोन लाखांहून जास्त लोक उत्तरेच्या सैन्यात लढले. 'यादवी' एवढंच म्हटलं की गोरे भाऊ दिसतात, हे लोक दिसत नाहीत. महात्मा फुल्यांना ते दिसले. युद्ध संपून आठ वर्षं झाली असताना, १८७३मध्ये, त्यांनी आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आणि त्याला नाव दिलं 'गुलामगिरी'.

तेव्हा 'यादवी' खुशाल वापरा, पण पहिल्या उल्लेखात 'गुलामगिरीवरून माजलेली यादवी' असं पूर्ण लिहा. नुसतं 'उत्तर-दक्षिण यादवी' नको. आणि 'यादवी युद्ध' ही पुनरुक्ती आहे का, तर नाही. तिथे 'यादवी' हे विशेषण आहे, 'इराणी'सारखं. नाम म्हणून वापरताना मात्र ते स्त्रीलिंगी आणि एकटंच पुरेसं : यादवी माजली.