नवीन मदरबोर्डवर एसएसडी दिसते, पण जुनी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर का दिसत नाहीत?

घाबरू नका, डिस्क बहुतेक ठीकच असेल. एम.टू स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच चपटी एसएसडी बसवायची खाच) एसएसडी बसवली की बऱ्याच बोर्डांवर एकदोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क आणि रायटरची डेटा केबल लावायच्या जागा) आपोआप बंद होतात, कारण दोघांची डेटा जायची लाईन एकच असते, आणि तुमच्या केबली नेमक्या त्याच पोर्टात असणार. कुठला पोर्ट बंद होतो ते मॅन्युअलमध्ये तक्त्यात दिलेलं असतं, ते बघून केबल शेजारच्या पोर्टात लावा. पॉवरची चपटी १५ पिनांची केबल पण जरा दाबून बघा, ती अर्धवट बसते बऱ्याचदा.

मास्टर-स्लेव्हचे जंपर (एका केबलवरचे दोन ड्राइव्ह वेगळे ओळखू यावेत म्हणून लावायच्या छोट्या टोप्या) विसरा, ते साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीच्या रुंद पट्टीवाल्या केबलच्या काळातलं, साटामध्ये एका केबलला एकच ड्राइव्ह. रायटर कुठल्याही चालू पोर्टात चालेल.

बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) साटा मोड एएचसीआय (साटा ड्राइव्ह चालवायची नेहमीची पद्धत) ठेवा आणि विंडोज टाकायच्या आधीच ठेवा, नंतर बदलला तर निळी स्क्रीन येऊ शकते.

आणि हे मात्र कराच, विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल कधीकधी त्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही, शिवाय केबल काढलेली असली की घाईत चुकून जुन्या डिस्कवरचं फोटोंवालं पार्टिशन फॉरमॅट व्हायची भीती पण राहत नाही.